अँटिगनीच्या सतरा ओळी: ठेवायच्या की गाळायच्या?

पार्श्वभूमी

एका विद्यापीठाच्या नाट्यविभागातील पदव्युत्तर वर्गाने वर्षअखेरच्या प्रयोगासाठी ग्रीक नाटककार सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ निवडले होते. विभाग, शहर आणि माणसे यांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील मी येथे वगळले आहेत. उभे राहिलेले प्रश्न आणि झालेले निर्णय मात्र जसेच्या तसे दिले आहेत. दिग्दर्शन विभागातील एका तरुण अध्यापिकेकडे होते आणि संहितेचा अर्थ लावताना तिला व नटांना साहाय्य करण्याचे काम माझ्याकडे होते.

नाटकाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. थीब्ज नगराचा राजा इडिपस याचे दोन मुलगे, इटिओक्लीस आणि पॉलिनायसीस, थीब्जच्या वेशीवर एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा झालेला त्यांचा मामा क्रेऑन नगरासाठी लढलेल्या इटिओक्लीसला सन्मानाने मूठमाती देतो आणि परक्यांचे सैन्य घेऊन आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत उघड्यावर टाकून देण्याचा हुकूम काढतो. त्यांची बहीण अँटिगनी हा हुकूम मोडते, पकडली जाते आणि तिला जिवंतपणी एका गुहेत कोंडले जाते. क्रेऑनला उपरती होईपर्यंत तिने गळफास घेतलेला असतो. तिच्यामागून तिचा नियोजित वर आणि क्रेऑनचा मुलगा हायमॉन, आणि त्याच्यामागून राणी युरिडिसी जीव देते. अथेन्समध्ये हे नाटक इसवी सनपूर्व 441 च्या सुमारास झाले असावे, असे सामान्यतः मानले जाते.

दिग्दर्शिकेची मूळ कल्पना स्पष्ट होती. तिच्या दृष्टीने हे नाटक सत्ता आणि विवेकबुद्धी यांच्या संघर्षाचे होते. क्रेऑन ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून पत्रकार परिषदेत बोलावे तसा बोलणार होता, पहारेकऱ्यांच्या हातात दंगलविरोधी पथकाच्या ढाली असणार होत्या आणि थीब्जच्या वृद्धांचा कोरस (प्रसंगांवर गाऊन-बोलून भाष्य करणारा समूह) हा हळूहळू पेटत जाणारा जमाव होणार होता. या कल्पनेमागे मोठी परंपरा उभी आहे. जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये 1944 साली फ्रेंच नाटककार ज्याँ अनुईने या कथेवर स्वतःचे नाटक आणले. 1948 साली जर्मन नाटककार ब्रेख्तने कवी होल्डरलिनच्या जुन्या जर्मन भाषांतराच्या आधारे स्वित्झर्लंडमध्ये आपली आवृत्ती बसवली. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या कैद्यांनीही हे नाटक केले आणि त्यात नेल्सन मंडेला यांनी क्रेऑनची भूमिका केली होती. ज्या नाटकाने तुरुंगातल्या माणसांना बळ दिले, त्याचा हा अर्थ उथळ आहे असे कोणीही म्हणू नये. मीही ते म्हणत नव्हतो.

प्रश्न कसा उभा राहिला

मराठी रंगावृत्ती एका विद्यार्थ्याने मुख्यतः एका जुन्या इंग्रजी भाषांतरावरून तयार केली होती. अँटिगनीची भूमिका करणारी विद्यार्थिनी तयारीसाठी दुसरे, अलीकडचे भाषांतर वाचत होती. संहितावाचनाच्या वेळी तिच्या लक्षात आले की तिच्या शेवटच्या मोठ्या भाषणातला मधला एक तुकडा मराठी संहितेत नाहीच. जुन्या भाषांतरकाराने तो चौकटी कंसात टाकला होता आणि रूपांतर करणाऱ्या विद्यार्थ्याने कंसातला मजकूर प्रक्षिप्त, म्हणजे नंतर कोणी घुसडलेला, समजून सोडून दिला होता. कोणीही काही लपवलेले नव्हते. तरीही ज्या ओळींवर दोनशे वर्षे वाद चालू आहे त्या ओळी वादाविनाच गळल्या होत्या.

हा तुकडा म्हणजे मूळ नाटकातल्या 904 ते 920 या ओळी. गुहेकडे नेली जात असताना अँटिगनी मेलेल्या भावाला उद्देशून जे म्हणते, त्याचा आशय असा: माझी मुले मेली असती किंवा माझा नवरा मरून कुजत पडला असता, तर नगराच्या इच्छेविरुद्ध जाऊन मी हे काम अंगावर घेतले नसते. नवरा गेला तर दुसरा मिळाला असता, मूल गेले तर दुसऱ्या पुरुषापासून झाले असते. पण आई आणि बाप दोघेही अधोलोकात गेल्यावर मला आता भाऊ कधीच होणार नाही.

वाचन थांबले. याच मुलीने याआधी, क्रेऑनच्या तोंडावर, देवांच्या अलिखित आणि अढळ नियमांचा दाखला दिलेला असतो. ते नियम आजचे किंवा कालचे नव्हेत, ते सर्वकाळ आहेत आणि कोणा माणसाच्या हुकुमाने ते रद्द होत नाहीत, असे ती ठणकावून सांगते. आमच्या प्रयोगाची जाहिरात त्याच भाषणावर बेतलेली होती. आता तीच मुलगी म्हणते की हा नियम नवऱ्याला लागू नाही, मुलाला लागू नाही, फक्त भावाला आहे. दिग्दर्शिकेचा पहिला उद्गार असा होता की या ओळी ठेवल्या तर तिचे नाटकच उभे राहत नाही. विद्यार्थिनीचे म्हणणे नेमके उलटे होते. या ओळी काढल्या तर तिला शेवटच्या प्रवेशात नुसते रडायचे काम उरते, असे तिला वाटत होते.

हा पेच नवा नाही. 1827 साली आपला सहायक एकरमान याच्याशी बोलताना जर्मन कवी गटेने याच ओळींबद्दल नाराजी व्यक्त केली होती आणि कोणा भाषाशास्त्रज्ञाने त्या सोफोक्लीसच्या नव्हेत असे सिद्ध केले तर फार बरे होईल, अशी इच्छा बोलून दाखवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड जेबने आपल्या प्रसिद्ध आवृत्तीत त्या प्रक्षिप्त ठरवल्या. परंतु ॲरिस्टॉटल आपल्या वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात याच तुकड्यातल्या दोन ओळी उद्धृत करतो, तेही अविश्वसनीय वाटणाऱ्या विधानाला कारणाची जोड कशी द्यावी याचे उदाहरण म्हणून. म्हणजे सोफोक्लीसनंतर शंभर वर्षांच्या आत या ओळी नाटकाचा भाग म्हणून वाचल्या जात होत्या, आणि त्या ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतात हेही तेव्हाच माहीत होते. आज बहुतेक संपादक त्या मूळच्याच मानतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे गाळलेले तसेच राहू देणे. यासाठी जेबचा आधार होता आणि प्रयोगाचा ओघही सरळ राहत होता. रंगावृत्ती करताना प्रत्येक दिग्दर्शक काही ना काही कापतोच. तो त्याचा हक्क आहे. माझा आक्षेप इतकाच होता की जो अर्थ टिकवण्यासाठी पात्राचे स्वतःचे कारण काढून टाकावे लागते, तो अर्थ आपण नाटकातून घेतलेला नसून नाटकावर ठेवलेला आहे, हे निदान आपल्याला ठाऊक असावे.

दुसरा पर्याय मानसशास्त्रीय होता आणि नटांना तो सर्वांत जवळचा वाटला: ओळी ठेवायच्या, पण त्या भेदरलेल्या, भान हरपलेल्या मुलीच्या तोंडच्या आहेत असे दाखवायचे. मृत्यू समोर आल्यावर माणूस वाटेल ते कारण शोधतो, हा युक्तिवाद ऐकायला पटतो. मात्र मूळ रचना त्याच्या विरुद्ध जाते. या भाषणाच्या आधी अँटिगनी कोरसबरोबर दीर्घ विलाप गाते. क्रेऑन परत येऊन तिला न्यायला सांगतो, आणि त्यानंतर ती गाणे सोडून संवादाच्या वृत्तात बोलू लागते. ग्रीक शोकांतिकेत गाण्याकडून बोलण्याकडे येणे म्हणजे बहुधा भावनेकडून युक्तिवादाकडे येणे असते. ती येथे कोलमडत नाही, कारणे मांडते. तिचे वाक्यही रीतसर आहे: हे मी कोणत्या नियमाच्या आधारे म्हणते, असा प्रश्न ती स्वतःच विचारते आणि उत्तर देते.

तिसरा पर्याय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये ज्याँ-पिएर व्हेर्नां आणि पिएर व्हिदाल-नाके यांनी घडवलेल्या ऐतिहासिक-मानववंशशास्त्रीय पद्धतीतून येत होता. त्यांच्या मते शोकांतिका हा एका विशिष्ट काळाचा आविष्कार आहे. वीरकथांचे जुने जग अजून मनातून गेलेले नाही आणि नगरराज्याचा कायदा अजून पुरता घडलेला नाही, अशा संधिकाळात ती जन्मते, आणि एकच माणूस दोन्ही जगांच्या भाषेत बोलतो. ही दृष्टी घेतली की आधी विचारायचा प्रश्न बदलतो. अँटिगनी बरोबर की चूक यापेक्षा, अथेन्सच्या प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला यातले काय परिचित होते आणि काय धक्कादायक होते, हे पाहावे लागते.

या वाटेने गेल्यावर जे हाती आले त्यावर आमचा सर्वाधिक वेळ गेला, आणि मला वाटते तो योग्य ठिकाणी गेला. अथेन्सच्या कायद्याने देशद्रोह्यांना आटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, भूमीत मूठमाती मिळत नसे. देशद्रोही ठरलेल्या थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या सेनानीच्या अस्थी त्याच्या आप्तांनी आटिकात गुपचूप पुरल्या असे सांगितले जाते, असे इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो. म्हणजे क्रेऑनचा हुकूम ऐकताच प्रेक्षक त्याला राक्षस समजले असतील असे नाही. इसवी सनपूर्व 343 मध्ये वक्ता डिमॉस्थेनीसने न्यायालयात आपला प्रतिस्पर्धी एस्किनीस याच्याविरुद्ध बोलताना क्रेऑनचे पहिले भाषण, नगराचे हित आप्तमित्रांच्या आधी ठेवावे असे सांगणारे, देशभक्तीचा उत्तम नमुना म्हणून वाचून घेतले. क्रेऑनची चूक पुढे आहे. प्रेत सीमेबाहेर टाकणे एक आणि ते नगराच्या डोळ्यांसमोर कुत्र्यागिधाडांना घालणे दुसरे. शिवाय अंध भविष्यवेत्ता तायरेसियस सांगतो त्याप्रमाणे तो मेलेल्याला वर ठेवतो आणि जिवंत मुलीला खाली गाडतो. क्रिस्टियान सूर्व्हिनू-इनवुड या अभ्यासिकेने 1989 साली असा मुद्दा मांडला होता की आपण आपली आधुनिक गृहीतके बाजूला ठेवून वाचले तर अथेन्सच्या प्रेक्षकाला सुरुवातीला अँटिगनीच अधिक संशयास्पद वाटली असावी. मला तिचे म्हणणे थोडे टोकाचे वाटते, कारण हायमॉन सांगतो की नगरातले लोक अँटिगनीची बाजू घेऊन हळहळत आहेत. परंतु आमच्या ढालीवाल्या क्रेऑनला तिने दिलेला धक्का फार उपयोगी ठरला.

याच पद्धतीने त्या सतरा ओळींकडे पाहिले तेव्हा त्यातले कुटुंबाचे गणित उलगडू लागले. अथेन्समध्ये मुलगा नसलेल्या बापाची मुलगी घराण्याचा वारसा वाहत असे. तिच्या पोटी येणाऱ्या मुलाने आजोबांचे घर चालवावे म्हणून तिचे लग्न बापाच्या जवळच्या नातलगाशी लावले जाई. दोन्ही भाऊ मेल्यावर इडिपसच्या मुलींची स्थिती प्रेक्षकांना अशीच काहीशी दिसली असणार. लग्न करून पुढे जाणे हा घर वाचवण्याचा एक मार्ग तिच्यासमोर आहे आणि ती तो नाकारते. नवरा आणि मूल यांचे नाते पुढच्या घराशी आहे, भावाचे मागच्या. तिचा निर्णय मागच्या घरासाठी, म्हणजे मेलेल्यांसाठी आहे.

येथे इतिहासकार हिरोडोटसची गोष्टही पाहावी लागते. पर्शियाच्या दारियसने इंटाफर्नीस नावाच्या सरदाराला सगळ्या पुरुष आप्तांसह मृत्युदंडासाठी पकडले; त्याच्या बायकोने रडून आकांत मांडल्यावर एकाला वाचवण्याची मुभा दिली. तिने भाऊ निवडला, कारण नवरा आणि मुले पुन्हा मिळू शकतात, पण आईबाप हयात नसल्याने भाऊ मिळणार नाही. राजाने खूश होऊन भावाबरोबर थोरला मुलगाही सोडला. सोफोक्लीस आणि हिरोडोटस यांचा परिचय होता अशी परंपरा आहे, आणि साम्य इतके जवळचे आहे की योगायोग म्हणवत नाही. ओळी प्रक्षिप्त मानणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा येथेच आहे: त्या बाईचा भाऊ जिवंत होता आणि वाचू शकत होता, अँटिगनीचा आधीच मेलेला आहे, तेव्हा तो युक्तिवाद येथे बसत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाने यावर दिलेले उत्तर मला अजून पटते. तो म्हणाला की बसत नाही हीच गोष्ट महत्त्वाची आहे. जिवंत भावाला सोडवण्याचे कारण ती मेलेल्या भावासाठी वापरते, कारण तिच्या लेखी तो अजून सोडवायचा राहिलेला आहे.

चौथा पर्याय अलीकडच्या स्त्रीवादी आणि राजकीय वाचनांतून येत होता. फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँने 1959–60 च्या व्याख्यानमालेत या ओळी हा अँटिगनीच्या इच्छेचा गाभाच मानला होता. अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांनी पुढे दाखवले की इडिपसच्या घरात ‘भाऊ’ हे नातेच स्थिर नाही. बाप हाही त्याच आईचा मुलगा, म्हणजे भाऊच. राजकीय विचारवंत बॉनी होनिग यांनी या ओळींची सांगड अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या अंत्यभाषणाशी घातली, ज्यात तो युद्धात मुले गमावलेल्या आईबापांना वय असेल तर आणखी मुले होऊ द्या असे सांगतो. नगर म्हणते की माणसाच्या जागी माणूस येतो. अँटिगनी म्हणते की सगळ्यांच्या जागी येत नाही. थ्युसिडिडीसने दिलेले ते भाषण नाटकानंतर सुमारे दहा वर्षांनी झालेले आहे, त्यामुळे सोफोक्लीस त्याला उत्तर देत होता असे म्हणता येत नाही. परंतु युद्धातल्या मृतांना सार्वजनिक इतमामाने एकत्र पुरण्याची अथेन्सची रीत त्याआधीची आहे, आणि मृतांसाठी बायकांनी किती आणि कसा शोक करावा यावर अथेन्ससाठी कायदे करणाऱ्या सोलोनपासून बंधने होती. त्या पार्श्वभूमीवर, न बदलता येणाऱ्या एका माणसासाठी रडण्याचा हट्ट हा स्वतःच राजकीय ठरतो. दिग्दर्शिकेला या वाटेने आपली मूळ कल्पना वाचवता येईल असे पहिल्यांदा वाटले.

निर्णयाचे क्षण

निर्णय एका बैठकीत झाला नाही. पहिले वळण अँटिगनी करणाऱ्या विद्यार्थिनीमुळे आले. तिने तो तुकडा शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि एक गोष्ट दाखवली जी चर्चेत माझ्यासकट सगळ्यांकडून बाजूला पडली होती. गाळलेल्या सतरा ओळींत फक्त तो युक्तिवाद नाही. त्याच्याच शेवटी अँटिगनी म्हणते की मला आता लग्नाविना, मंगलगीतांविना नेले जात आहे, ना संसार वाट्याला आला, ना मूल वाढवण्याचे सुख. ज्या नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी मी हे केले नसते असे ती म्हणते, त्यांच्याचसाठी ती लगेच हळहळते. तिला ते कधी मिळालेच नाहीत. सगळा तुकडा कापला की हे दोन्ही एकदम जाते. दिग्दर्शिकेने त्याच दिवशी ओळी परत घेण्याचे ठरवले, आणि ते ठरवताना त्यांचा अर्थ काय करायचा हे तिला अजून माहीत नव्हते, याचे मला विशेष वाटते.

दुसरा प्रश्न होता हे कोणाला उद्देशून बोलायचे. येथे ग्रीक नाटकाचे अभ्यासक ऑलिव्हर टॅप्लिन यांनी 1970 च्या दशकात रूढ केलेली पद्धत कामाला आली: शब्दांचा अर्थ लावण्याआधी रंगमंचावर त्या क्षणी कोण आहे, कोण केव्हा आले आणि कोण कोणाकडे पाहते ते निश्चित करायचे. क्रेऑन तेथे आहे. कोरस तेथे आहे. पण भाषण सुरू होते ते थडग्याला हाक मारून, मग ती आईला, बापाला आणि भावांना नावाने किंवा नात्याने साद घालते. वादग्रस्त ओळी याच ओघात येतात. म्हणजे हा युक्तिवाद राजाला पटवण्यासाठी नाही. तो आपल्या घरच्या मेलेल्या माणसांपुढे दिलेला जबाब आहे. अलिखित नियमांचे भाषण क्रेऑनसमोर होते आणि तेथे तिला सर्वांना लागू पडेल असे कारण हवे होते. येथे ती आपल्या माणसांत आहे आणि खरे कारण सांगते. दोन भाषणांमधली विसंगती अशा रीतीने नाहीशी होत नाही, पण ती नटीला खेळता येते.

तिसरा निर्णय क्रेऑनविषयी होता आणि तो सर्वांत महाग पडला. अँटिगनी एवढी विशिष्ट झाल्यावर समोरचा क्रेऑन ठोकळेबाज ठेवता येईना. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने दोन शतकांपूर्वी मांडलेला विचार, की येथे दोन एकांगी पण खऱ्या हक्कांची टक्कर आहे, तो आज जुना झाला असे आपण सहज म्हणतो. तालमीत मात्र तो पुन्हा उपयोगी पडला. ढाली गेल्या, ध्वनिक्षेपक गेला. पहिले भाषण क्रेऑनने मनापासून, नुकत्याच वाचलेल्या नगराचा भार खांद्यावर आलेल्या माणसासारखे करावे असे ठरले. नेपथ्य तयार करणाऱ्या गटाचे बरेच काम वाया गेले आणि त्यांचा राग रास्त होता.

प्रत्यक्षात काय केले

रंगमंचाच्या एका कोपऱ्यात मातीचा ढीग आधीपासूनच होता. पॉलिनायसीसचे प्रेत मूळ नाटकात कधीच दिसत नाही, तेव्हा दिग्दर्शिकेने ते सुचवण्यासाठी ही खूण ठेवली होती. कोरस हा जमाव न राहता मालमत्ता, वय आणि भीती असलेल्या वृद्धांचा गट झाला. ते अँटिगनीची कीव करतात, तिच्या हट्टानेच तिचा घात केला असे तिला ऐकवतातही, आणि क्रेऑनला विरोध करायला उशीर करतात. प्रयोगाच्या माहितीपत्रकात या ओळींचे स्पष्टीकरण छापावे अशी सूचना आली होती. ती मी नाकारायला सांगितली, कारण जे रंगमंचावर कळत नाही ते कागदावर सांगून प्रयोगाची उणीव भरत नाही.

परिणाम

पहिल्या प्रयोगात ‘नवरा गेला तर दुसरा मिळाला असता’ या वाक्यावर प्रेक्षागृहात हशा पिकला. मोठा नव्हे, पण स्पष्ट. नटीने ते सांभाळले, तरी पुढची दोन वाक्ये वाहून गेली. रात्री चर्चा झाली तेव्हा कारण सापडले: मृतांना उद्देशून बोलताना ती समोर, प्रेक्षकांच्या डोक्यावरून पाहत होती, त्यामुळे ते वाक्य प्रेक्षकांना आपल्याला सांगितलेले मत वाटले. दुसऱ्या प्रयोगात तिने संपूर्ण तुकडा मातीच्या ढिगाकडे वळून, प्रेक्षकांकडे जवळजवळ पाठ करून म्हटला. हशा झाला नाही. चेहरा दिसत नसतानाही त्या ओळी पोहोचल्या, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत ठोस उत्तर वाटते.

प्रयोगानंतरच्या चर्चेत मते विभागली गेली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते प्रयोगाची धार गेली. आज अन्यायाविरुद्ध उभी राहणारी अँटिगनी हवी असताना आम्ही तिला घराण्याच्या चौकटीत परत नेले. हा आक्षेप मी हलका मानत नाही. दिग्दर्शिकेलाही ती रुखरुख राहिली. उलट काही प्रेक्षकांना, विशेषतः ज्यांनी घरातल्या कोणाचे अंत्यसंस्कार नीट होऊ न शकल्याचे दुःख पाहिले होते त्यांना, याच ओळी सर्वांत खऱ्या वाटल्या. शेवट मात्र सर्वांनाच जड गेला: मूळ नाटकात अँटिगनी दोन-तृतीयांश भागानंतर परत दिसत नाही, तिचे प्रेतही आणले जात नाही, आणि अखेरीस मुलाचे प्रेत घेऊन येतो तो क्रेऑन. आमचा क्रेऑन माणूस झाला होता, म्हणून तो शेवट सोसवेना. ढालीवाल्या क्रेऑनच्या वेळी प्रेक्षकांनी त्याच्या शिक्षेकडे समाधानाने पाहिले असते.

वेगळे काय करता आले असते

संहितेचा प्रश्न नेपथ्य आणि वेशभूषा ठरण्याआधी सोडवायला हवा होता, हे उघड आहे. किमान दोन भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून, कंसात काय आहे आणि का आहे हे पाहूनच रंगावृत्ती सुरू करावी. संपादकाचा कंस हे एक मत असते, निकाल नव्हे.

कोरसच्या गाण्यांची आम्ही फार काटछाट केली. अँटिगनी गेल्यावर लगेच येणारे गीत, ज्यात कोंडल्या गेलेल्या डॅनाई वगैरेंच्या कथा येतात, ते पूर्णपणे कापले होते. ते असते तर तिच्या मृत्यूला जुन्या कथांचे अंतर मिळाले असते आणि घराण्याचे वाचन एवढे खासगी वाटले नसते. सहकाऱ्यांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर बहुधा तेथे होते.

अँटिगनीची बहीण इस्मिनी हिच्याकडे तर फारच उशिरा लक्ष गेले. अँटिगनी स्वतःला राजघराण्यातली शेवटची उरलेली म्हणवते, तेव्हा बहीण जिवंत आहे. जी भावाला अनन्यसाधारण मानते ती बहिणीला मोजतच नाही, हा प्रश्न स्त्रीवादी वाचनाने सर्वांत आधी विचारायला हवा होता. आम्ही तो प्रयोगांनंतर विचारला.

सर्वांत मोठी संधी मात्र वृत्ताच्या बाबतीत हुकली. आमची मराठी संहिता सुरुवातीपासून शेवटपर्यंत गद्य होती. त्यामुळे विलापातले गाणे आणि त्यानंतरचा युक्तिवाद यांतला फरक प्रेक्षकांच्या कानाला कळलाच नाही, आणि नटीला तो केवळ आवाज खाली आणून दाखवावा लागला. विलाप गाता आला असता, आणि क्रेऑन आल्यावर ते गाणे तुटून साधे, कोरडे बोलणे सुरू झाले असते, तर सतरा ओळींचा स्वर प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावा लागला नसता. रंगावृत्ती करणाऱ्या विद्यार्थ्याने आता विलापाचा भाग छंदात नव्याने लिहायला घेतला आहे. त्याच्या मसुद्यात भाषणाच्या अगदी शेवटच्या चार ओळी, ज्यांत अँटिगनी म्हणते की देवांना हेच मान्य असेल तर मी चुकले हे मला भोगून कळेल, आणि चूक यांची असेल तर यांनी मला दिले त्याहून जास्त यांना भोगावे न लागो, त्या अजून दोन पर्यायांत लिहिलेल्या आहेत: एकात ती क्रेऑनकडे पाहते, दुसऱ्यात पाहत नाही. पुढच्या वर्षीच्या वर्गापुढे दोन्ही ठेवायचे ठरले आहे.